चकणा कोण संपवतो?

काय सांगू, आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही, तरी बायकोसमोर दारुडा ठरायची वेळ आली. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं. आमच्या पनवेलच्या डॉक्टरांनी विचारलं, "पिता?"

"थेंबसुद्धा नाही."

बायको शेजारीच होती. "मग दर शनिवारी उलव्याला मित्रांबरोबर बसता, ते काय भजन करायला?"

डॉक्टर चष्म्यावरून बघायला लागले. मी तिथूनच संदेशला फोन लावला, स्पीकरवर. आमची बैठक त्याच्याच गच्चीवर असते.

संदेश म्हणाला, "वयनी, देवाशप्पत सांगतो, यानं कंदी ग्लासाला हात लावला नाय."

मी कॉलर ताठ केली.

"पन वयनी, आमच्या वाट्याला चकनाच येत नाय! फरसान, भजी, तललेले बोंबील, सगलं हाच खातो. वर कोल्ड्रिंकची मोठी बाटली एकटा संपवतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "सापडलं कारण. दारू न पिताही लिव्हरवर चरबी चढते. गोड, तळलेलं कमी करा, वजन उतरवा, रोज चाला. लवकर कळलंय, सुधारेल."

आता दर शनिवारी ते चौघं हातात ग्लास धरून माझ्यापुढे काकडी सरकवतात आणि वर म्हणतात, "लिव्हरला जप रे बाबा."

निघताना डॉक्टर म्हणाले होते, "त्या मित्रांनाही एकदा तपासायला पाठवा." तो निरोप काल मी चौघांच्याही बायकांना परस्पर पोचवला.