गाभण घोणस

मामा: नोंद करून टाक पटकन. ही पाचवी घोणस. संपला माझा या महिन्याचा कोटा.

भाची: थांबा हो मामा. तपासल्याशिवाय विषकेंद्रात साप घेता येतो का? हिचं डोकं नळीत घालू दे आधी, म्हणजे चावायची नाही... हं. आता धरा शेपटाकडून. अहो, गाभण आहे ही!

मामा: छे! उंदीर गिळला असेल.

भाची: उंदीर एवढा लांब? पोटाखालून बोट फिरवून बघा. मी दहा वर्षांची असताना तुम्हीच शिकवलंत, मण्यांची माळ लागली की सोडून द्यायचं.

मामा: लागत नाही गं.

भाची: काय लागत नाही?

मामा: बोटांना काहीच कळत नाही. गेल्या वर्षी चावली ना, तेव्हापासून. चहा गरम आहे का गार, तेसुद्धा ओठाला लावल्यावर समजतं.

भाची: आणि या हातांनी घोणशी धरताय? मामीला माहितीय?

मामा: तिच्यासमोर ब्र काढू नकोस. आधी सांग, माझ्या आधीच्या चार...?

भाची: त्यातली एकही गाभण नव्हती. तीनदा विष काढून कालच सोडल्या.

मामा: सुटलो. तोच घोर होता जिवाला. पिल्लांसकट उचलायला लागलो तर चार वर्षांत बिळं ओस पडतील, आणि विषच नसेल तर साप चावलेल्यांना लस कुठून मिळणार?

भाची: सोमवारी तुमचा साप धरायचा परवाना माझ्या सहीला येतोय.

मामा: एवढं एकच वर्ष कर.

भाची: नाही करणार.

मामा: तुझा बाप गेल्यावर तुला या कामाला कोणी लावलं?

भाची: तुम्ही. म्हणूनच नाही करणार.

मामा: लोक म्हणतील, भाचीनं मामाला घरी बसवलं.

भाची: म्हणू देत. घरी बसायला मामा असेल तरी.

मामा: ...तोंडाची मात्र तू थेट आईवर गेलीस.

भाची: चला. हिला कुठं धरलंत?

मामा: वीटभट्टीमागच्या बांधावर. तू जा की एकटी.

भाची: बीळ तुम्ही पाहिलंय. जिथली तिथंच सोडायला हवी. उठा.

(वीटभट्टीमागचा बांध. ऊन कलतं आहे.)

मामा: ते बघ, दगडाखाली. पिशवीची गाठ तू सोड. मी इथंच थांबतो.

भाची: तुम्ही आणि लांब थांबणार?

मामा: सवय करतोय. हळू. पिशवी काठीनं उलटी कर... गेली?

भाची: गेली आत. फूत्कार केवढा टाकला!

मामा: टाकणारच. महिनाभरात विईल. तीस-चाळीस पिल्लं सहज. त्यातली दोन-चार जगतील.

भाची: पुढच्या वर्षी इकडे मीच येईन.

मामा: मग नीट ऐक. मघाशी तुझी सावली तिच्यावर पडली, म्हणून चिडली ती. उन्हाच्या बाजूनं जायचं नाही. ये, कुठं उभं राहायचं ते दाखवतो.