निळी फुली

(भर दुपार. वस्तीतली गल्ली. नकाशा घेऊन आलेला मोजणीवाला आणि वस्तीच्या समितीतली मावशी.)

मोजणीवाला : सही तेवढी करा, मावशी. तुमच्या सहीशिवाय नकाशा पुढे सरकत नाही आता.

मावशी : नवलच. मागच्या खेपेला कुणी हिंग लावून विचारलं नव्हतं.

मोजणीवाला : म्हणून तर नियम बदलला. वस्तीला बरोबर घेऊन मोजायचं. नळ कुठे बसवायचा, तेही वस्तीच ठरवणार.

मावशी : बारा वर्षांनी सुचलं का हे शहाणपण? तेव्हा माझ्या दारावर निळी फुली मारून गेलं होतं कुणीतरी. निळी म्हणजे काय हो?

मोजणीवाला : बंद घर. राहतं असेल तर लाल. बंद घरं धरायची नाहीत, असं होतं.

मावशी : भर दुपारी आलात, तर कुलपंच दिसणार. मी शिवणाच्या कारखान्यात होते. घरी लोळत पडले असते, तर पोरीला काय घातलं असतं?

मोजणीवाला : हो. अर्धी वस्ती गळली कागदावरून.

मावशी : आणि नळ गेला मोठ्या रस्त्यापलीकडे. माझी पोर, बडबडी, त्याच रस्त्यावर गाडीखाली गेली. नऊ वर्षांची होती. हातात पाण्याची बादली.

मोजणीवाला : ठाऊक आहे.

मावशी : तुम्हाला कसं ठाऊक?

मोजणीवाला : पेपरात आलं होतं. वस्ती बडबडी म्हणायची तिला, असं वाचलं आणि पायाखालची जमीनच सरकली. ती फुली माझी, मावशी.

मावशी : तुमची?

मोजणीवाला : बाहेर कुलूप होतं. आतून म्हणाली, आई घरी नाही, मी बडबडी, तुम्ही काय लिहिताय? घरं लिहितोय म्हटलं. तर म्हणे, मलाही पेन्सिल द्या.

मावशी : दाराखालून सरकवलीत?

मोजणीवाला : लाल-निळी. पण फुली आधी मारली. मोठ्या माणसानं दार उघडलं तरच घर राहतं धरायचं.

मावशी : आग लागो त्या नियमाला! मला म्हणाली, एक काका आले होते, त्यांनी आपलं घर लिहिलं. काय खूश होती पोर!

मोजणीवाला : तिनं विचारलं होतं, आमचं लिहिलं का? मी हो म्हणून गेलो. अजून कुठलंही दार वाजवलं की आधी तिचाच आवाज येतो. बायकोलासुद्धा कधी बोललो नाही हे.

मावशी : येऊ दे. मलाही येतो.

मोजणीवाला : सही मागायला तोंड नाही मला. उद्या दुसऱ्या कुणाला पाठवतो.

मावशी : पळता कुठे? नळ अलीकडे आला पाहिजे. बाकीच्यांची पोरं अजून तोच रस्ता ओलांडतात. ही घ्या तुमची पेन्सिल.

मोजणीवाला : जपून ठेवलीत?

मावशी : निळी बाजू तिनं झिजवून टाकली. जिकडेतिकडे आभाळच काढायची. चला, ते समोरचं घर घ्या.

मोजणीवाला : कुलूप आहे.

मावशी : मग हाक मारा.

मोजणीवाला : आत कुणी आहे का?

आतला आवाज : आई घरी नाही.

मोजणीवाला : मावशी, मोठं माणूस नाही घरात.

मावशी : पोर तर आहे ना? लाल मारा.