महागाईच्या नकाशातलं मांजर

—नाही हो काका, पैज ताईनेच लावली, मूर्खासारखी घेतली मी. म्हणाली, नववीत आपटलेल्या पोरीला यातला एक बाण तरी जोडता येईल का—जोडलास तर महिनाभर तुझी भांडी मी घासते. यातला म्हणजे कशातला? तर ताईच्या या कॉलेजात हल्ली उत्तरं लिहीत नाहीत, नकाशा काढतात. देशाबिशाचा नाही, डोक्यातला. मधे गोल, गोलात 'महागाई', भोवती फांद्या फुटल्यासारखे आणखी गोल, मग या गोलातून त्या गोलात बाण—कशामुळे काय होतं ते बाणावर लिहायचं. आणि सर काय करतात? बाण मोजतात. एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर उडी मारणाऱ्या बाणाला जास्त मार्क, म्हणजे पोरीला विषय कळला.

ताई आंघोळीला गेली, मी पेन उचललं. एक गोल काढला, आत लिहिलं 'मांजर', आणि सगळ्या फांद्यांवरचे बाण त्याच्यात आणून सोडले. खोटं काहीच नाही हं—दूध महागलं की आई त्यात पाणी घालते, पाणी घातलं की मांजर चिडतं, चिडलं की बाबांचा चष्मा पाडतं, चष्मा फुटला की बाबा पगारवाढ मागतात. ताईने न बघता कागद गुंडाळला नि सरांना देऊन आली. वर्गात पहिली. सर म्हणाले, मांजर म्हणजे बाजारातली अनिश्चितता ना? काय बोलणार बिचारी, हो म्हणाली. झालं—सरांनी फळ्यावर मांजर काढलं, पुढच्या परीक्षेत अख्ख्या वर्गाच्या नकाशात मांजर, एका शहाण्याने पिल्लंही काढली, त्यालाही मार्क.

हसताय काय, ताई आत रडकुंडीला येऊन बसलीय. बाहेरून कुणी खडूस परीक्षक यायचेत, त्यांना मांजर तोंडी समजावायचं, नाही जमलं तर नकाशा दुसऱ्याचा म्हणून वर्ष गेलं. मला म्हणाली, तू तोंड उघडू नकोस, मीच काढलं म्हणून सांगते. सकाळपासून मांजराची व्याख्या पाठ करतेय—

कुठे निघालात? तिकडे नका जाऊ, ती परीक्षेची खोली आहे. काका... तुमच्या हातात तो—आमचाच कागद ना तो?

थांबा. खडूस म्हटलं ते सोडा. मांजर मी काढलंय. बाकीचे गोल तिचे आहेत, तिने डोकं फोडून काढलेत, ते तिला विचारा, धडाधडा सांगेल. मांजराचं मला विचारा.

विचारा ना.