दोन कोट, एक तागा

विजार आखूड करायला दिली होती, म्हणून मी शिंप्याच्या दुकानात आणखी दोघातिघा गिऱ्हाइकांबरोबर बाकावर बसलो होतो. गल्ल्यापाशी एक बाई उभ्या होत्या.

“मास्तर, दोन कोट शिवायचेत. एक माझ्या मुलाचा, एक त्याच्या जोडीदाराचा. कॉलेजच्या निरोप समारंभाला दोघं जोडीनं जाणार आहेत.”

“जोडीदार म्हणजे… बरं. मग एकाच ताग्यातून कापतो. तागा बदलला की रंग फरकतो. शेजारी उभं राहिलं की लगेच दिसतं.”

“शेजारीच उभे राहणार आहेत. मागच्या वर्षी हाच पोरगा खोलीबाहेर येत नव्हता, मास्तर. परवा आपणहून म्हणाला, आई, कोट झकास शिवून घेऊ.”

“मापं?”

“दोघांचे शर्ट आणलेत.”

“शर्टावरून कोट होत नसतो, ताई. पोरं कुठायत?”

“रस्त्यापलीकडे उभी आहेत. कुठंही आधी मी जाते, माणसं कशी आहेत बघते, मग त्यांना हात करते.”

“मग करा की हात.”

“इथं गिऱ्हाइकं बसलीत.”

“बसू देत. सगळ्यांच्या विजारी माझ्या ताब्यात आहेत.”