एक बोट जागा

...नाही नाही, खुर्ची नको, उभाच बरा मी! बसायला काही नाही हो, बसतो माणूस, पण मग उठताना हे दोन घोटे जी बोंब मारतात ना... तुम्हाला सांगतो, वयाची छप्पन्न वर्षं मला घोटे आहेत हेच मला माहीत नव्हतं! असतील, मोज्यात पडून असायचे बिचारे. आणि आता? जिना उतरताना घोटे, ब्रेक दाबताना घोटे, कूस बदलली तरी घोटे! का? तर आमच्या हिला बर्फावर घसरायचंय. मुद्दाम! पैसे भरून!

बरं, घसरावं की एकटीनं. पण नाही. रिटायर झाली त्या दिवशी पर्स टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "अहो, तीस वर्षं दर रविवारी तुम्ही दुकानात लोकांच्या पायाशी बसलात. आता चार रविवार माझे. आपण स्केटिंग शिकायचं आणि चौथ्या रविवारी हातात हात धरून एक फेरी मारायची, अख्खी. नाही जमलं तर राहू दे. मी पुन्हा कुठे चला म्हणणार नाही." आणि ओरडून नाही हो! ओरडली असती तर मी सवयीनं ऐकलंच नसतं. शांतपणे म्हणाली.

गेलो. भाड्याचे बूट देणारी बाई विचारते, "साईज?" मला! अहो, तीस वर्षं बुटांच्या दुकानात काढलीत मी, मला पायातलं विचारता? गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत त्याचा नंबर सांगतो मी! माझा आठ, पण घेतला नऊ, कारण पुढे एक बोट जागा हवीच, हा आपला नियम. आत जाड मोजे, दोन जोड. लेस बांधल्या ऐसपैस. आणि उतरलो बर्फावर... उतरलो कसला, घोटे निघाले आत, पाय निघाले बाहेर आणि मी कठड्याच्या गळ्यात!

शिकवणारी पोरगी बाविशीची, भिंगरी नुसती. "काका, गुडघे वाकवा! काका, खाली नका बघू! काका, बूट मोठे होतायत तुम्हाला, घोटे लटपटतायत!" म्हटलं, बाळ, तीस वर्षं बुटांच्या दुकानात काढलीत मी, मला पायातलं सांगतेस? ती गप्प बसली. घोटे नाही बसले.

दुसरा रविवार, कठडा. गरम पाणी झालं, मीठ झालं, तेल झालं, पट्टी झाली, शेवटी केमिस्टकडे गेलो. "काय झालं?" "बर्फावर गेलो होतो." "मग बर्फ लावा." ऐका! ज्यानं मारलं त्यालाच घरी आणून पायाशी बसवा! तिसरा रविवार... कठडाच. आणि ही? ही शिकली की! पहिल्या रविवारी समोरून जाताना हात हलवायची. तिसऱ्या रविवारी नाही हलवला. खोटं कशाला बोलू, ते घोट्यांपेक्षा जास्त दुखलं.

चौथा रविवार. बाकावरच बसून म्हटलं, "अगं, तू जा. माझ्याच्यानं नाही होत." ही उठली, नऊ नंबर परत केले, आठ नंबर घेऊन आली आणि चक्क माझ्यासमोर गुडघा टेकून खाली बसली. मी बसतो ना लोकांपुढे, तश्शी! माझा पाय मांडीवर घेतला, वरचा मोजा उपटून फेकला आणि लेस अशा आवळल्या की डोळ्यांत पाणी आलं. लेसमुळेच आलं, हसू नका!

"अगं, चावतायत!"

"चालून दाखवा."

हे माझं वाक्य हो! माझ्या दुकानातलं!

आणि फेरी झाली. अख्खी! दोनदा माझा तोल गेला, चारदा हिचा बांगडीचा हात मी पिरगळला, पण सोडला नाही. तिनंही नाही.

आता घोटे सुधारतायत हळूहळू. फक्त पायाची दहाच्या दहा बोटं ठणकतायत! एका बोटाची जागा नाही हो त्या बुटात! कुरकुरलो, तर ही पाचव्या रविवारची दोन तिकिटं काढता काढता, मान वर न करता म्हणते कशी, "वापरून सैल होतील."

तीस वर्षं बुटांच्या दुकानात काढलीत मी... बूट कमी आणि हेच वाक्य जास्त विकलंय!