मुगाएवढं सोनं

चाकणच्या सराफी पेढीवर नातीची कर्णभूषणे उजळून घेण्यासाठी दामोदरशास्त्री आपल्या क्रमाची प्रतीक्षा करीत बसले होते. त्यांच्यापुढे चतुराबाई उभ्या होत्या.

“मुगाएवढं सोनं द्या, शेठ. आमच्या मालकांच्या तोंडात घालायचंय.”

“अरेरे! कधी गेले, मावशी?”

“गेलं न्हाईत. श्वास हाय अजून, म्हणून तर पळत आले. तुळस हाय, गंगाजळ हाय, सोनं तेवढं न्हाई.”

“अर्ध्या ग्रॅमच्या खाली नाणं येत नाही हो. त्यालाही आज हजारो रुपये पडतात.”

“इतकं कसं चढलं?”

“भाव आमच्या हातात नाही. खाणींच्या बड्या कंपन्याच एकमेकींना विकत घेत सुटल्यात.”

“घेऊ द्या. त्यांच्या घरी कुणी मरत न्हाई वाटतं! मग असं करा, ह्या डोरल्यातला एक मणी काढा.”

“मावशी, धनी जिवंत असताना डोरलं तोडू? शास्त्रीबुवा, तुम्हीच सांगा यांना.”



“त्यांना कशाला इचारता? मालक गेल्यावर तोडलं, तर मणी घालू कुणाच्या तोंडात? तोडा, शेठ. बाहेर रिक्षा थांबलीय.”