बैल सोडून काहीही सांगा

नाही जी, बैल नाही. बैल सोडून काहीही सांगा. गुलाब सांगा, मोर सांगा, पोट्ट्याले आवडत असन तर वाढदिवसाच्या केकाचा ट्रक करून देते — तुमच्या चिखल्याच्या खदानीवर चालते तसा, मागं चॉकलेटचा चुरा भरलेला, एकदम मँगनीज वाटन — पण बैल नाही. आन बसा नं, उभ्या काहून राहिल्या? त्या खुर्चीवर नोका बसू, तिच्यावर दळलेली साखर सांडली आहे, साडीले चिकटन. इथं बसा. आन एक गोष्ट पहिलेच सांगते, मी विकत नाही. हे दुकान नोहे. दुकान समोर आहे, आमच्या ह्यांचं, किराण्याचं, तिथं साबण-तेल काय पायजे ते घ्या. केक मी घरच्यासाठी करते, सोयऱ्यासाठी, शेजारच्या लेकरासाठी. तुमाले कोणं सांगतलं का इथं ऑर्डर घेतात म्हणून? — राहू द्या, मालूम आहे मले. व्हिडिओ पाहिला तुम्ही. हो नं? केकाचं विसर्जन. अख्ख्या तालुक्यानं पाहिला, चिखल्याच्या कॉलनीत पोचला नसन तर नवलच. हसा नं मग, हसून घ्या. तोंडावर पदर कायले धरता?

हसणाऱ्याचं काय जाते? हे शिकाले मी काय काय केलं ते माह्या जिवाले मालूम. मले मेंदी काढता येते, लग्नाच्या पहिलेपासून. आमच्या आंबागडात नवरीचे हात रंगवाचे म्हणजे चंदाच पायजे, असं होतं. म्हटलं, कोन तो कोन — मेंदीचा काय आन क्रीमचा काय. इथंच फसली! मेंदी हाताले धरून राहते, क्रीम कोणाले धरते? पहिला गुलाब काढला तर शेणाचा पो पडल्यासारखा दिसे. मोबाईलवरची ते बाई म्हणे, हलक्या हातानं फिरवा — तिच्या मागं एसी चालू, माह्या मागं चूल! आन क्रीम का फुकटची येते रोज रोज नासाले? तांदळाचं पीठ पाण्यात कालवलं, दुधाच्या पिशवीचा कोपरा कापला आन उलट्या ताटावर पाकळ्या काढत बसली — काढाची, पुसाची, पुन्हा काढाची. सासू म्हणे, बाई, रांगोळी दारात काढतात, ताटावर नाही. ह्यांचं मात्र मानलं मी, जे जे बिघडलं ते खाल्लं ह्या माणसानं, चुपचाप. तिकडून तुमसरवरून नोझल आणून देले. आन मग आली हातात कला, आली म्हणजे आली! सासूच्या वाढदिवसाले कमळ केलं, तलावात फुलते तसं. ते बुढी म्हणे, मले पंच्याहत्तर वर्षात कोणी फूल नाही देलं. रांगोळीवाली तीच, हो!

माहेरीही सबन माह्याच हातचं मागत. भोजराज, माह्या लहाना भाऊ, त्याची पोरगी रक्षा — माह्यावर लय जीव तिचा. मागच्या वर्षी तिले बाहुलीचा केला होता. औंदा म्हणे, आत्या, मले बैलाचा पायजे, माह्या वाढदिवस तान्ह्या पोळ्याले येते. आला होता खराच. पोळ्याचा दुसरा दिवस, लेकरं लाकडाचे बैल घेऊन दारोदार फिरतात, तुमच्याकडेही फिरत असन. मग बैल काही मी माह्या मनानं केला का? पोरीनं मागतला! हे कोणी व्हिडिओत सांगत नाही. आदल्या दिवशी इथं घरात पोळा, पुरण वाटाचं, बैलाले आवतन देऊन झालेलं, आन मी एका हातानं पोळ्या लाटते आन दुसऱ्या हातानं बैल करते. बसलेला केला. उभा केला तर पाय मोडतात, केकाच्या पायात काय जीव असते? बिना अंड्याचा केला, माह्या मायले चालाले पायजे म्हणून. वशिंड केलं, पाठीवर लाल झूल, गळ्यात झेंडूची माळ — एक एक फूल तांदळाच्या दाण्याएवढं! मोटरसायकलवर मांडीवर धरून नेला आंबागडाले, त्या गड्ड्यातून. आमचे हे गाडी चालवत नव्हते, पालखी नेत होते समजा. काही झालं नाही त्याले. शिंगसुद्धा हललं नाही.

जे झालं ते तिथं झालं. घरासमोरच्या सपरीत, ओसरीत, टेबल मांडला, फुगे लावले, अर्धं गाव जमा. पोरीनं पाहिलं तर टाळ्या वाजवत नाचाले लागली. आन माही माय काय करन? हळदी-कुंकवाचं ताट घेऊन आली नं भीतरून! क्रीमवर कुंकू लावलं. कपाळाले. अक्षता टाकल्या. ओवाळलं. पुरणपोळीचा घास त्याच्या तोंडासमोर ठेवला आन पाया पडली. माय पडली म्हणून मागच्या बाया पडल्या, मग माणसं टोप्या काढून पडले. मी म्हटलं वा, असा मान कोण्या केकाले भेटला नसन! आन भोजराजची बायको, रेणू — तिले तर रीलची घाई — तिनं मेणबत्ती लावली आन पोरीच्या हातात सुरी देली. म्हणे, काप बेटा.

कोण कापन? सांगा नं तुम्हीच, कोण कापन? पोळ्याचा बैल, कुंकू लावलेला, निवद दाखवलेला, त्याच्या मानेवर सुरी? मायनं पोरीचा हात असा धरला — पोरगी रडाले लागली. एक म्हणे पाठीवरून कापा, दुसरा म्हणे पाठीवरून कापलं तर का पाप लागत नाही? एक बुढा म्हणे, शेपटाकडून थोडा घ्या. शेपटाकडून! एवढ्यात लाईन गेली. पंखे बंद, माणसं घामानं वले, आन माह्या बैल लागला नं पाझराले. पहिले माळ सरकली. मग वशिंड बसलं. अर्धं गाव गोल उभं राहून पाहून राहिलं आन एकाच्याही हातात जोर नाही — ना कापाचा ना उचलून फ्रिजात ठेवाचा. मी वरडली, अरे खा नं बाप्पा, मैदा-साखर आहे ते! तर माय मलेच म्हणते, तुले समजत नाही का चंदा, काय बनवून आणलं तुनं?

मले समजत नाही? मले! साधा बैल होता जी तो, बैल म्हणजे बैल, कोणाचाही असू शकते. कोसा रंगाचा, कोको कमी टाकलं की येते तो रंग — आता कोसा रंगाचे बैल गावात का कमी आहेत? आन डाव्या कानाले चीर होती, तर कान काय कोण्या बैलाचा फाटत नाही? तारेच्या कुंपणात जाते, फाटते. बाबानं हळद भरली होती आन रातभर... — नाही, म्हणजे अशा बैलाची गोष्ट करून राहिली मी, असतात असे.

असं काय पाहता?

हो. कोसऱ्याच होता तो. आमच्या बाबाचा. घ्या! मुद्दामच केला मी, एक एक खूण आठवून केला, कानाची चीर सुईनं काढली. करन! का नाही करन? बाबा उन्हाळ्यात गेला. जाच्या पहिले सबनच्या समोर म्हणे, कोसऱ्या आता थकला, त्याले नांगराले नोका जुपू, तो आपल्याच कोठ्यात मरन. आन ह्या भोजराजनं तेरवी होत नाही तर बाजार दाखवला त्याले. मले सांगतलं का? एक फोन केला का? राखीले गेली मी, कोसऱ्यासाठी गुळाची ढेप घेऊन गेली, तर खुंट्यावर युरियाची पोती! बोलली का मी तेव्हा? एक शब्द नाही. राखी बांधली, ओवाळलं, जेवली, आली. तोंडानं काहीच बोलली नाही. मग कुठं काढाचं माणसानं? ज्याले जे येते त्यात काढते. मले केक येते.

आन वळखला त्यानं. सपरीत पाय ठेवल्याबराबर वळखला, मी पाहूनच राहिली होती त्याच्याकडे. कानाकडे पाहिलं त्यानं आन चेहरा असा उतरला... पण बोलला काय? क्रीम पाझरून राहिलं, पोरगी रडून राहिली, आन हा साऱ्या गावासमोर म्हणते — बाई, तू आता पाहुणी आहे ह्या घरची, पाहुणीसारखी येत जा. पाहुणी! ज्या सपरीचा टेबल होता त्या सपरीच्या भिंतीले मी माती लावली आहे पोरपणी. त्याले मी कडेवर वागवला, शाळेत सोडला, त्याच्या वाटचा मार खाल्ला बाबाचा. आन मी पाहुणी! केकाचं दुःख नाही हो मले, केक काय, पाझरतेच. पण ते एक वाक्य... दिवाळी आली आता, भाऊबीज तोंडावर आहे. दर साली पोळ्यापासून फोन सुरू होतात त्याचे — बाई, कधी येशीन, गाडी पाठवू का. औंदा दुकानात मोबाईल वाजला का आमचे हे तो घेऊन धावत येतात माह्याकडे, आन असते कोणतरी कंपनीवाली. नाही येत तर नोको येऊ! मी का मरून राहिली का त्याच्या चोळीपातळासाठी?

मग मायनंच फैसला केला, कापाचा नाही, खाचाही नाही, पुजलेली वस्तू आहे, बोडीच्या पाण्यात शिरवा. आन भोजराजनं उचलला, पुठ्ठ्यासकट, छातीशी धरून, आन चालला बोडीकडे. साऱ्या शर्टाले क्रीम. कोण्या मेल्यानं वर बोडीच्या पारीवरून, बांधावरून, व्हिडिओ काढला — हा पाण्यात उभा, हातात बैल — आन वर गाणं लावून देलं गणपतीचं. जग हसलं. मी तर तिथून तशीच निघाली, चहाही नाही घेतला. आता पुन्हा बैल करा म्हणता? कोणासाठी करू? जा जी तुम्ही, मोर करून देते, परवा येऊन घेऊन जा.

काय? नाही, मोबाईल नोका दाखवू, पाहिला मी तो व्हिडिओ हजार वेळा. — फोटो? कोणता फोटो? आणा.

हा... हा कुठं भेटला तुमाले? नाही, हा व्हिडिओतला नोहे. व्हिडिओ वरून काढला आहे, ह्यात तर एकदम जवळून आहे — खाली गवत आहे हे, बोडीच्या काठचं. पुठ्ठा गवतावर ठेवला आहे. कान पहा. माळ कोणं नीट केली? सरकली होती माळ, मी माह्या डोळ्यानं पाहिली. कोणतरी बोटानं वर सारली आहे, हे पहा, बोटाचे वण. तिथं तर त्याच्याशिवाय कोणी नव्हतं, सबन पारीवर उभे होते.

कोणं पाठवला हा तुमाले?

भोजराजनं? तुमच्या घरच्यांचा दोस्त आहे तो? मग पहिले नाही सांगता येत? इतका वेळ मी बोलून राहिली आन तुम्ही आपल्या मान हलवून राहिल्या! आन तुमच्या पोराचा वाढदिवस? — नाहीच का? मग बैल कोणाले पायजे?

...त्याले?

आन तो कुठं आहे? कुठं? चौकात? पानठेल्यावर? केव्हाचा? बहिणीच्या गावात येऊन पानठेल्यावर बसला? दुसऱ्याची बायको पुढं पाठवते, केक मागाले, आन स्वतः तिथं बसते तोंड लपवून? लाज नाही वाटत? पाहुणा आहे का तो? आतमध्ये याले त्याले काय झालं होतं?

— मी बोलन म्हणून?

मी बोलन? इतकी बोलते का मी?

जा. उठा तुम्ही, जा, सांगा त्याले. बाई काहीच बोलत नाही म्हणा. ये म्हणा. पहा, झाली मी चूप.